जखमेतून येते ती लस आणि दंडात टोचतात ती लस: शब्द एकच का?

मुरांबा

परवा सासूबाईंचा घोटा दाराच्या कडेला खरचटला. संध्याकाळी पट्टी बदलताना त्या म्हणाल्या, "पू नाही गं, नुसती लस येतेय." शेजारी गृहपाठ करत बसलेले आमचे नऊ वर्षांचे चिरंजीव ताडकन उठले. "आजी, तुझ्या पायातून लस येते? मग तीच मला लाव ना, म्हणजे शाळेत इंजेक्शन नको!"

हसून झालं, पण प्रश्न डोक्यातून जाईना. जखमेतून पाझरणारं पाणी म्हणजे लस आणि बाळाला टोचतात तीही लस. हे दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे झालेत की एकच आहे? 'व्हॅक्सिन' गाईवरून आलं एवढं शाळेत शिकले होते. 'लस' कशावरून आली हे कुणीच कधी सांगितलं नाही. इथे भाषावाले आणि डॉक्टर दोन्ही आहेत, म्हणून विचारते.

कोपऱ्यातलं टेबल

एकच शब्द आहे, आणि तुमच्या चिरंजीवांची कल्पना वाटते तितकी अचाट नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी लस अशीच दिली जायची.

एडवर्ड जेन्नरने १४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावर आलेल्या गोदेवीच्या (गाईंना होणाऱ्या देवीरोगाच्या) फोडातला द्रव घेतला आणि जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर ओरखडे काढून त्यात भरला. तो द्रव म्हणजे पहिली लस. बाटली नाही, पिचकारी नाही, फोडातलं पाणी. इंग्रज डॉक्टर त्याला 'लिम्फ' म्हणत, म्हणजे लॅटिनमध्ये स्वच्छ पाणी. आपल्याकडे फोडातून, जखमेतून येणाऱ्या पातळ चिकट पाण्याला आधीपासून शब्द होताच: लस. तोच वापरला गेला. मुद्दाम कुणी पारिभाषिक शब्द घडवला असं मला वाटत नाही. समोर जे दिसत होतं त्याचंच नाव लोकांनी घेतलं.

इंग्रजीने गाय लक्षात ठेवली (वाक्का म्हणजे लॅटिन गाय), आपण पाणी लक्षात ठेवलं.

डॉ. अर्धवेळ

वरच्या प्रतिसादाला +१. थोडी भर. 'व्हॅक्सिन' हा शब्द सुरुवातीला फक्त देवीच्या लसीपुरता होता. १८८१ साली लंडनच्या वैद्यकीय परिषदेत पाश्चरने सुचवलं की जेन्नरच्या सन्मानार्थ सगळ्याच रोगांवरच्या अशा टोचणीला हा शब्द वापरावा. त्यामुळे कोंबड्यांच्या कॉलऱ्यावरची आणि पुढे कुत्र्याच्या विषावरची लससुद्धा नावाने 'गाईची' झाली.

मजा म्हणजे गायसुद्धा पुरती खरी नाही. अमेरिकेत १९०२ साली बनवलेली देवीची लस सापडली, तिची जनुकीय तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातला विषाणू गोदेवीपेक्षा घोड्यांच्या देवीला जास्त जवळचा निघाला. जेन्नरला स्वतःलाही वाटायचं की हा रोग घोड्यांकडून गाईंकडे येतो.

मुरांबाताई, सासूबाईंना मधुमेह आहे का? घोट्यावरची जखम आहे म्हणून विचारतोय. लस येणं चालतं, पण तीन-चार दिवसांत थांबली पाहिजे.

वैद्य नव्हे वाचक

मूळ संस्कृत 'लसीका'. चरकसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातल्या दहा ओंजळी पाण्याचं वर्णन आहे. त्यात म्हटलंय की त्वचेतलं जे पाणी व्रणात येतं त्याला लसीका म्हणतात आणि जे उष्णतेने रोमरंध्रांतून बाहेर पडतं त्याला घाम. म्हणजे मुरांबाताईंच्या सासूबाई चरकाच्याच अर्थाने बोलत होत्या! कुष्ठाच्या प्रकरणातही त्वचा, मांस, रक्त आणि लसीका अशी चार दूष्यं, म्हणजे रोगात बिघडणारे शरीराचे घटक, येतात.

आजच्या शरीरशास्त्राच्या मराठी पुस्तकात 'लिम्फ'ला लसीका आणि काखेतल्या गाठींना लसीका ग्रंथी म्हणतात. एकाच मुळाच्या दोन फांद्या झाल्या. तत्सम लसीका शरीरात राहिली, तद्भव लस कुपीत गेली.

धोबीपछाड

'लस्' धातूचा अर्थ चमकणे ना? विलास, उल्लास, लसलशीत... म्हणजे लस म्हणजे चमकणारी?

वैद्य नव्हे वाचक

@धोबीपछाड, असं सांगणारे आहेत, पण मला ते ओढूनताणून वाटतं. हिंदीत 'लस' म्हणजे चिकटपणा, 'लासा' म्हणजे पाखरं धरायचा चिकट पदार्थ, आणि आपल्या भोकराला तिकडे 'लसोड़ा' म्हणतात. भोकर फोडून बोटं चिकटवून बघा, चमकण्याचा विचार मनात यायचा नाही. हे कुळ चिकटपणाचं आहे.

तिखटजाळ

आणि लसूण? 😀

वैद्य नव्हे वाचक

लसूण लशुनावरून. पाहुणा. घरचा नाही.

बडोदेकर

आमच्या बडोद्यात मराठी आणि गुजराती एकाच घरात नांदतात, त्यामुळे हा प्रश्न मला दोनदा पडला होता. गुजरातीत व्हॅक्सिनला 'रसी' म्हणतात, लसीकरण म्हणजे 'रसीकरण'. आणि रसी म्हणजे काय? पू! कान फुटला की शेजारचे बा म्हणणार "कानमांथी रसी नीकळे छे". लहानपणी शाळेच्या फळ्यावर 'रसी मुकावो' वाचून किळस आल्याचं चांगलं आठवतंय. तेव्हा मराठी एकटी नाही, शेजारणीनेही तेच केलंय.

कावेरीकाठ

बंगळुरात 'लसिके' म्हणतात. थेट लसीकाच. इथे कामाला लागल्यावर पहिल्यांदा आरोग्य केंद्राची पाटी वाचली आणि माहेरी आल्यासारखं वाटलं.

हिंदी आणि बंगालीत मात्र 'टीका', म्हणजे कपाळावरच्या टिळ्यासारखी खूण. दंडावर जो डाग उरतो त्यावरून. तमिळमध्ये 'तडुप्पूसी', अडवणारी सुई. कुणी गाय पाहिली, कुणी पाणी, कुणी डाग, कुणी सुई. तमिळांचा शब्द सर्वांत टिकाऊ ठरला असं माझं मत. आता ना गाय उरली ना फोड, पण सुई आहेच. (पोलिओच्या थेंबांनी तीही काढून घेतली म्हणा.)

तिखटजाळ

मुंबईत रेल्वेच्या हद्दीतल्या हिंदी पाट्यांवर 'टीकाकरण केंद्र' वाचलं की मला कायम वाटतं आत समीक्षक बसलेत. एक हात पुढे करा, तुमच्या कवितेवर दोन मिनिटांत टीका.

सनातन सत्य

सगळे जेन्नर जेन्नर करताय. आपल्या पूर्वजांना हे हजारो वर्षांपूर्वी माहीत होतं. धन्वंतरीच्या ग्रंथात गाईच्या आचळावरच्या फोडातला द्रव घेऊन टोचायची कृती स्पष्ट दिली आहे. इंग्रजांनी ती चोरली.

डॉ. अर्धवेळ

इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते, म्हणून जरा सविस्तर.

खरं काय: भारतात, विशेषतः बंगालकडे, देवीच्या रोग्याच्या खपलीतला किंवा फोडातला द्रव निरोगी माणसाला टोचायची रीत जेन्नरच्या आधीपासून होती. हॉलवेल नावाच्या इंग्रजाने तिचं सविस्तर वर्णन १७६७ साली लंडनमध्ये छापलं. काय खावं, काय टाळावं, अंगावर गार पाणी कसं ओतावं, सगळं आहे त्यात. ही रीत चीन आणि तुर्कस्तानातही होती. यात माणसाचीच देवी माणसाला देत, त्यामुळे टोचलेल्याला खरीखुरी देवी यायची, बहुधा सौम्य, कधी जिवावर बेतणारी. टोचलेल्याकडून दुसऱ्याला लागणही व्हायची.

खरं काय नाही: गाईच्या फोडाचा प्राचीन संस्कृत श्लोक. तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अवतरला, जेव्हा मद्रासकडे लोक नव्या टोचणीला तयार नव्हते आणि "हे तुमच्याच शास्त्रात आहे" असं सांगणं सरकारच्या सोयीचं होतं. अभ्यासकांनी तो बनावट ठरवलाय. गंमत बघा, इंग्रजांनी चोरला म्हणून आपण ओरडतो तो श्लोक इंग्रजांच्याच सोयीचा होता.

सनातन सत्य

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

दंडावरची खूण

माझा जन्म १९५८ चा, सांगोल्याकडचा. आमच्याकडे 'लस' हा शब्द कुणी वापरतच नसे. "देवी काढल्या का पोराच्या?" असं विचारायचे. आणि जो काढायला यायचा तो 'देवी डॉक्टर'. सायकलवर पेटी बांधून आला की पोरं कडब्याच्या गंजीत लपायची. मी गोठ्यात लपलो होतो. आजीने शोधून काढलं आणि माझ्या हाताला धरून त्याच्यासमोर उभं केलं. फिरकीसारखं काहीतरी दंडावर दाबून गरकन फिरवलं, इतकंच आठवतं. आठवडाभर ठणका. खपली धरली की आजी हळद लावू द्यायची नाही, कडुलिंबाचा पाला उशाला ठेवायची. रोग देवीचा, तो अडवणारा डॉक्टरही देवीचा, मग पाला नको का?

मला त्या 'काढणे'चं नवल वाटतं. टोचून आत घालतात आणि म्हणायचं काढल्या! कदाचित देवी बाहेर यायचीच आहे, ती आपणच थोडीशी बोलावून, मान देऊन वाटेला लावायची, असं काही मनात असेल. हा माझा तर्क, पुरावा नाही.

१९८० नंतर जन्मलेल्यांच्या दंडावर हे दोन वाटोळे वण सहसा नसतात, त्यांच्याकडे बीसीजीचा एकच छोटा डाग असतो. भारतातला देवीचा शेवटचा रोगी मे १९७५ मधला, आणि ८ मे १९८० रोजी सगळं जगच देवीमुक्त जाहीर झालं. माझ्या नातीला माझा वण दाखवला तर ती म्हणाली, "आबा, चटका बसला होता?"

संत्र्याची फोड

आमचा विषय निघाला नाही तरी आणतो. इंग्रजीत टोचण्याला दुसरा शब्द आहे 'इनॉक्युलेशन'. त्यातला 'ऑक्युलस' म्हणजे डोळा. मुळात हा शब्द माळ्यांचा! एका झाडाचा डोळा काढून दुसऱ्याच्या सालीत बसवायचा, त्याला ते म्हणत. डॉक्टरांनी तो नंतर उसना घेतला, कारण तेही सालीत चीर पाडून दुसरीकडचं काहीतरी बसवतच होते.

आता काटोल-वरुडकडे या. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याची कलमं करतात त्याला आम्ही काय म्हणतो? डोळा भरणे. दोन हजार वर्षं आणि अर्धं जग मधे असून लॅटिन माळी आणि वऱ्हाडी माळी यांना कोंबात डोळाच दिसला. माझे वडील हंगामात दिवसभर डोळे भरायचे. त्यांना सांगितलं असतं की तुम्ही इनॉक्युलेशन करता, तर म्हणाले असते, "डॉक्टरची फी देता का मंग?"

कोपऱ्यातलं टेबल

@संत्र्याची फोड, दंडवत. हे मला माहीत नव्हतं. त्याच चालीवर: 'व्हायरस' म्हणजे लॅटिनमध्ये विष, चिकट विषारी द्रव. आपलं 'विष' आणि तो शब्द एकाच आजीची नातवंडं. त्यामुळे 'विषाणू' हा शब्द ज्याने कुणी केला त्याने नकळत भावंडांची भेट घडवली. जेन्नर स्वतः फोडातल्या द्रवाला व्हायरसच म्हणायचा. म्हणजे त्याच्या लेखी लस आणि व्हायरस एकच!

बेळगावी कुंदा

बेळगावात टिळकवाडीला 'व्हॅक्सिन डेपो' नावाचं मोठं आवार आहे. आम्ही तिथे फिरायला, क्रिकेट खेळायला जायचो. नावाचा अर्थ कधी विचारला नाही. बसवाल्यालाही 'डेपो' म्हटलं की कळायचं. मोठेपणी समजलं की मुंबई इलाख्याला लागणारी देवीची लस तिथे तयार व्हायची.

कशी व्हायची ते ऐका. जनावराच्या वासराची पोटाकडची किंवा कुशीकडची कातडी तासून स्वच्छ करायची, तिच्यावर बारीक ओरखडे काढून बीज भरायचं. चार-पाच दिवसांनी तिथे फोड धरले की ते खरवडून घ्यायचे आणि ग्लिसरीनमध्ये घोटायचे. भारतात अनेक ठिकाणी यासाठी म्हशीची रेडकं वापरत. म्हणजे नाव गाईचं, मूळ घोड्याचं आणि कष्ट रेडकाचे.

ग्लिसरीनमुळे लस टिकू लागली. त्याआधी माणसांनीच ती वाहून न्यावी लागे. ब्रिटनमध्ये दंडावरून दंडावर लस देणं १८९८ साली कायद्याने बंद केलं, कारण लसीबरोबर उपदंशासारखे रोगही एकाकडून दुसऱ्याकडे जात.

मुरांबा

दंडावरून दंडावर म्हणजे? नेमकं कसं?

कोपऱ्यातलं टेबल

एका मुलाला टोचायचं. आठव्या दिवशी दंडावरचा फोड टपोरा भरला की तो टोचून त्यातली लस दुसऱ्या मुलाच्या दंडात भरायची. पुढच्या आठवड्यात त्याच्याकडून तिसऱ्याला. साखळी तुटली की लस संपली. मूलही असं हवं ज्याला आधी देवी आलेली नाही आणि टोचलेलंही नाही.

भारतात ती आली तीच अशी. व्हिएन्नाहून बगदाद, तिथून बसरा, तिथून जहाजाने मुंबई. वाळवलेली लस वाटेतल्या उन्हात मरून जायची, कित्येक प्रयत्न फुकट गेले. अखेर १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती धरली. भारतात लस घेतलेली पहिली व्यक्ती ती. तिच्या फोडातून आणखी पाच मुलांना टोचलं आणि तिथून लस पुण्याला, सुरतेला, हैदराबादेला, मद्रासला गेली. त्या काळात पुण्यामुंबईत दिलेली जवळजवळ प्रत्येक लस त्या पोरीच्या दंडाची वंशज म्हणायला हरकत नाही. ती रडली असेलच, पण तिचं पुढे काय झालं हे कुणी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही.

स्पेनने तर १८०३ साली २२ अनाथ मुलं जहाजात बसवून अमेरिकेकडे पाठवली, दर आठवड्याला दोघा-दोघांना टोचत, फक्त लस जिवंत राहावी म्हणून. मुलं म्हणजेच बाटल्या.

शुद्धलेखन पोलीस

मी नेहमीप्रमाणे चूक काढायला आलोय. 'लसीकरण' शब्द अर्थाच्या दृष्टीने चुकलेला आहे. संस्कृतात अशा ठिकाणी च्वि प्रत्यय येतो आणि त्याचा अर्थ व्याकरणकारांनी 'अभूततद्भाव' असा दिलाय, म्हणजे जे आधी नव्हतं ते होणं. शुक्लीकरण म्हणजे पांढरं नसलेलं पांढरं करणं. त्या न्यायाने मुलांचं लसीकरण म्हणजे जी लस नव्हती ती मुलं लस करणं! 'लस देणे' किंवा 'टोचणी' म्हणा की सरळ.

कावेरीकाठ

@शुद्धलेखन पोलीस, वरचा प्रतिसाद पुन्हा वाचा. ॲना डस्टहॉलचं नेमकं तेच केलं होतं.

शुद्धलेखन पोलीस

...

शरण. शब्द मागे घेतो. नव्हे, शब्द राहू दे, आक्षेप मागे घेतो.

दंडावरची खूण

😂 पोलिसांनी आत्मसमर्पण केल्याची ही पहिलीच वेळ.

डॉ. अर्धवेळ

शब्द पुढे कसा सरकला तेही सांगतो, कारण आमच्या दवाखान्यात रोज त्याची गंमत दिसते. प्लेगच्या वेळी हाफकिन यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. ती कुणाच्या फोडातून आलेली नव्हती. काचेच्या भांड्यात मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू वाढवायचे, वर तुपाचे थेंब सोडायचे म्हणजे जंतू त्यांना धरून वाढत, मग उष्णता देऊन मारायचे. तूप हो, आपलं साजूक. फोड गेला, लस राहिली.

आता माझे रोगी काय म्हणतात बघा. बाळाला पोलिओचा 'डोस' पाजतात, लस म्हणत नाहीत. खिळा लागला की धनुर्वाताचं 'इंजेक्शन' घेतात, तेही लस नाही, जरी ती अस्सल लस असली. कुत्रा चावला तर मात्र 'लस', आणि जुनी माणसं लगेच पोटातल्या चौदा इंजेक्शनांची आठवण काढतात. साप चावला तरी 'लस द्या' म्हणतात, आणि ती मुळीच लस नव्हे. ते घोड्याच्या रक्तातून काढलेलं तयार प्रतिविष. लस शरीराला लढायला शिकवते, प्रतिविष म्हणजे भाड्याने आणलेली फौज, काही दिवसांत परत जाते. वर्तमानपत्रंही 'सर्पदंशाची लस उपलब्ध नाही' असं छापतात. मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय. रात्री दीड वाजता साप चावलेल्या माणसाच्या भावाला व्युत्पत्ती सांगत बसायची नसते.

बडोदेकर

घोड्याच्या रक्तातलं ते पाणी म्हणजे सिरम ना? म्हणजे जुन्या अर्थाने बघितलं तर सापाचं औषध पातळ, पिवळसर, अंगातून काढलेलं पाणी, म्हणजे तीच खरी 'लस'. आणि कोविडची तुमची लस म्हणजे नावापुरती. लोक चुकून बरोबर बोलतायत.

डॉ. अर्धवेळ

बडोदेकर, हे मी उद्या दवाखान्यात चोरून वापरणार.

मुरांबा

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. डॉक्टर, सासूबाईंना मधुमेह नाही, आणि काल सकाळपासून लस थांबली, खपली धरलीये.

चिरंजीवांना ॲनाची गोष्ट सांगितली. त्यांनी बराच वेळ स्वतःच्या दंडाकडे बघितलं आणि विचारलं, "तिच्या आधी जहाजात कोणाच्या हातावर होती?" मला उत्तर देता आलं नाही. कोपऱ्यातलं टेबल, सांगता येईल का?